पाती थांबेपर्यंत जवळ जायचं नाही

आमच्या घरात शिलाई मशिनशेजारी एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या दाराला आतून वहीचा एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मुलांच्या अब्बांच्या अक्षरात अकरा ओळी आहेत आणि सगळ्यात खाली लाल शाईने लिहिलंय, ‘पाती थांबेपर्यंत जवळ जायचं नाही.’ घरी कुणी आलं आणि कपाट उघडं राहिलं, की हमखास विचारणा होते, “हे काय, पंख्याबद्दल आहे का?” मग मला सगळी हकिकत सांगावी लागते.

या वेळी तीच हकिकत तुम्हाला सांगते. मुलाला एखाद्या गोष्टीचं वेड लागतं. ते खर्चाचं असतं, थोडं धोक्याचंही असतं. थांबवावं की चालू द्यावं, हा प्रश्न बहुतेक आयांना कधी ना कधी पडतो. मलाही पडला होता. आमच्या थोरल्याचं वेड आहे रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरचं.

खेळणं गेलं, यंत्र आलं

तो आठवीत होता तेव्हा त्याच्या मामूंनी मुंबईहून तळहाताएवढं हेलिकॉप्टर आणलं होतं. त्याला एकावर एक अशी पात्यांची दोन चक्रं होती. वरचं एका दिशेने फिरायचं, खालचं उलट्या. पातं एकीकडे फिरलं की हेलिकॉप्टरचं अंग दुसरीकडे वळू पाहतं. दोन चक्रं उलटसुलट फिरली की एकाचा जोर दुसऱ्याने तुटतो, त्यामुळे ते बिचारं सरळ वर जायचं आणि सरळ खाली यायचं. पंख्याचं बटण बंद केलं, की आमची छोटीसुद्धा ते उडवायची. दोन महिन्यांत बॅटरी गेली, खेळणं माळ्यावर गेलं. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. पॉलिटेक्निकला गेल्यावर त्याने साठवलेली ईदी आणि सुट्टीत अब्बांच्या दुकानात बसून मिळवलेले पैसे एकत्र केले आणि पुण्याच्या एका हौशी माणसाकडून वापरलेलं मॉडेल विकत आणलं. आणलं म्हणजे काय, एक खोका आणला. आत सांगाडा, गिअर, चार छोट्या सर्व्हो मोटरी, वायरी आणि चिमटीत सापडणार नाहीत असे स्क्रू. हे तयार मिळत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाला, “मिळतं अम्मी. पण पडल्यावर दुरुस्त करायचं, तर आधी जोडता यायला हवं. आणि हे पडतंच.”

‘हे पडतंच’ हे शब्द मी तेव्हा नीट ऐकले असते, तर पुढचं थोडं वेगळं झालं असतं.

तवा आणि गोटी

हे यंत्र चालतं कसं, हे त्याने मला स्वयंपाकघरात समजावलं. आधी मला वाटायचं, पंखा जोरात फिरवला की वर जात असेल, हळू केला की खाली. तसं नाही. वरची पाती जवळजवळ एकाच वेगाने फिरत राहतात. बदलतो तो पात्यांचा तिरपेपणा. दोन्ही पाती सारखीच जास्त तिरपी केली की हेलिकॉप्टर वर उचललं जातं. पुढे न्यायचं असेल, तर प्रत्येक पातं फेरीत एका बाजूला आलं की जास्त तिरपं होतं आणि दुसऱ्या बाजूला गेलं की कमी. मग पात्यांची सगळी थाळीच पुढे कलते. हे काम करते दांड्यावर बसलेली एक चकती, तिला स्वॅशप्लेट म्हणतात. तीन सर्व्हो तिला खालून ढकलतात, उचलतात, कलवतात. शेपटीवरचा छोटा पंखा अंग गरगर फिरू देत नाही. आणि त्यात एक जायरो असतो, तो सेकंदात कितीतरी वेळा तपासतो की शेपूट जागेवर आहे ना.

एक गंमत त्याने सांगितली ती माझ्या लक्षात राहिली. फिरत्या पात्याला जिथे उचल द्यावी, तिथे ते लगेच वर येत नाही. साधारण पाव फेरी पुढे गेल्यावर वर येतं. म्हणून पुढे झुकायचं असेल, तर चकतीकडून पात्याला मिळणारा धक्का पाव फेरी आधीच द्यावा लागतो. खऱ्या हेलिकॉप्टरमध्येही हाच हिशोब असतो.

“उडवायला कठीण आहे का?” मी विचारलं. त्याने उलटा तवा माझ्या बोटांवर ठेवला आणि वर छोटीची गोटी ठेवली. म्हणाला, “ही पाच मिनिटं मधोमध ठेव.” पाच सेकंद नाही राहिली. हवेत एका जागी हेलिकॉप्टर धरून ठेवणं म्हणजे हेच. सोडून दिलं तर ते स्वतःहून जागेवर राहत नाही. दोन्ही हातांचे अंगठे सतत हलत ठेवावे लागतात. त्यातही नाक आपल्याकडे वळलं की सगळं उलटं होतं. ते उजवीकडे जायला हवं, तर ते आपल्या डावीकडे जातं. शिकाऊ माणूस तिथेच घाबरतो.

म्हणूनच विमानांची मॉडेलं रेडिओवर उडू लागली, तरी हेलिकॉप्टर बरीच वर्षं कुणाच्या हाती लागत नव्हतं. जर्मनीच्या डीटर श्ल्युटर यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी ते साधलं आणि १९७० नंतर त्यांचे जोडणीचे संच हौशी लोकांच्या घरी पोहोचू लागले. तेव्हा छोटी इंजिनं असत, मिथेनॉलच्या इंधनावर चालणारी. बॅटरी आणि चांगल्या मोटरी आल्या, तसा हा छंद आपल्यासारख्यांच्या गल्लीत शिरला.

गच्चीवरची दुपार

मार्च महिना होता. अब्बा दुकानात, मी खाली डाळ निवडत होते. थोरला वर गच्चीवर होता. “फक्त दोन फूट उचलून बघतो,” असं सांगून गेला होता. छोटी वाळलेले कपडे काढायला वर गेली. हे मला माहीत नव्हतं, आणि ती आलेली त्यालाही कळलं नाही, कारण त्याची पाठ जिन्याकडे होती.

कठड्यावरून येणारा वारा गच्चीत घुमतो. हेलिकॉप्टर उचललं, कललं आणि सरळ कपड्यांच्या तारेत गेलं. मला एक कडाड आवाज आला, मग शांतता, मग छोटीचं रडणं. मी जिना कसा चढले ते आठवत नाही. छोटीला ओरखडासुद्धा नव्हता. पण तिच्या बाजूला, दोन हातांवर, प्लॅस्टिकची बादली होती आणि पात्याचा तुटलेला तुकडा बादलीची भिंत फोडून आत पडला होता.

मी त्या दिवशी पोराला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. ते खोकं भंगारात द्यायचं, एवढंच मला कळत होतं.

संध्याकाळी अब्बा आले. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या मोटरी, पंखे, पिठाच्या गिरणीच्या मोटरी यांत त्यांचा जन्म गेला. त्यांनी सगळं ऐकलं, बादली उचलून उजेडात धरली आणि थोरल्याला विचारलं, “पातं केवढं? फेरे किती?”

“पातं सव्वातीनशे मिलिमीटर. मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे.”

अब्बांनी बिलाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. दोन पाती आणि मधला भाग धरून चक्राची रुंदी ७१ सेंटिमीटर. एका फेरीत टोक सव्वादोन मीटरच्या जवळपास जातं. मिनिटाला २८०० फेऱ्या, म्हणजे सव्वासहा किलोमीटर. ताशी? पावणेचारशे किलोमीटर. त्यांनी कागद पोराच्या पुढे सरकवला. “हे खेळणं आहे असं तू अम्मीला सांगितलं होतंस. हे माझ्या दुकानातल्या कुठल्याही मोटरीपेक्षा वाईट आहे. माझी मोटर निदान जमिनीला बोल्टने बांधलेली असते.”

आणि हे तर मध्यम आकाराचं मॉडेल. याहून मोठ्यांची पाती सत्तर सेंटिमीटरचीही असतात. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका बागेत १९ वर्षांचा एक अनुभवी तरुण स्वतःच्याच मॉडेलचं पातं लागून जागीच गेला. हे थोरल्याला माहीत होतं. त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं, खाली बघत.

मला वाटलं, आता हे ‘बंद’ म्हणतील. ते म्हणाले, “मोडलेलं उद्या दुकानात घेऊन ये. का पडलं ते बघू.”

मी रागावले. खूप रागावले. दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. नंतर त्यांनी मला जे सांगितलं, ते मात्र पटलं. “आज बंद केलं, तर तो उद्या मित्राच्या गच्चीवर उडवील. तिथे आपली छोटी नसेल, दुसऱ्या कुणाची तरी असेल. आणि आपल्याला कळणारही नाही.”

दुकानातलं टेबल

मग रोज रात्री दुकान बंद झाल्यावर बापलेक त्या टेबलावर बसू लागले. अब्बांना हेलिकॉप्टरमधलं काही येत नव्हतं, पण मोटर येत होती. या छोट्या मोटरीत तारा आत स्थिर असतात आणि चुंबक लावलेला बाहेरचा डबा फिरतो, हे बघून ते खूश झाले. मुख्य दांडा त्यांनी काचेवर लोळवून पाहिला. एका जागी काचेखालून उजेड दिसला, म्हणजे दांडा वाकला होता. बेअरिंग बोटावर फिरवून सांगितलं, “हे गेलंय. खरखर लागते.” शेवटी एका सर्व्होच्या दांडीचा स्क्रू ढिला सापडला. वारा होता हे खरं, पण स्क्रूही सुटत आला होता. आधीच्या मालकाने तिथे थ्रेडलॉकर लावला नव्हता आणि आमच्या चिरंजीवांनी तपासलं नव्हतं. धातूत धातूचा स्क्रू जातो तिथे तो लावायचाच, प्लॅस्टिकमध्ये जातो तिथे नाही, हे अब्बांना पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं.

नवी पाती, दांडा, गिअर, बेअरिंगं मिळून तीन हजारांच्या आसपास खर्च आला. तो थोरल्याने दुकानात काम करून फेडायचा, असं ठरलं. त्यात अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांत हेलिकॉप्टर जमिनीवरून उचललं गेलं नाही. मित्राच्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर होता, त्यावर खरा रिमोट जोडून तो सराव करायचा. तिथे दिवसातून वीस वेळा पडलं, तरी एक रुपया लागत नाही. आधी शेपूट आपल्याकडे ठेवून एका जागी धरायचं, मग आडवं, मग नाक आपल्याकडे. नाक आपल्याकडे ठेवून पाच मिनिटं धरता येईपर्यंत खऱ्याला हात लावायचा नाही, ही अब्बांची अट होती. त्यांनी समोर बसून घड्याळ लावलं.

मी एवढंच सांगेन. बारावीपर्यंत या दोघांत ‘पैसे हवेत’ आणि ‘कशाला’ याखेरीज बोलणं नव्हतं. आता जेवताना बेअरिंगवर वाद चालतो. दादी म्हणतात, “याच्या भिरभिऱ्याने माझ्या पोराला बोलकं केलं.”

बॅटरी, म्हणजे माझं खातं

पात्यांचं अब्बांनी बघितलं. बॅटरीचं मी बघते, कारण बॅटरी घरात असते.

एके रात्री थोरल्याच्या खोलीत गोडसर, नेलपॉलिश काढण्याच्या पाण्यासारखा वास आला. चार्जरला लावलेली बॅटरी गादीवर होती आणि उशीसारखी फुगली होती. ती या छंदात वापरतात ती लिथियम पॉलिमर बॅटरी. मोबाइलच्या बॅटरीचीच बहीण, पण पाच-सहा मिनिटांत सगळी ताकद ओतणारी. तिच्यावर मोबाइलसारखं कडक कवच नसतं. आपटली, टोचली, जास्त चार्ज झाली, तर ती पेट घेते आणि ती आग तुमच्या-माझ्या ओल्या फडक्याने विझत नाही.

मी थोरल्याकडून समजून घेऊन नियम केले. तुमच्या घरात हा छंद नसला, तरी रिमोटची गाडी, ड्रोन असं काही असेलच, म्हणून लिहिते.

बॅटरी फरशीवर, मातीच्या कुंडीत किंवा धातूच्या डब्यात ठेवूनच चार्ज करायची. गादी, सोफा, पडदा जवळ नको. चार्जर त्याच जातीच्या बॅटरीचा हवा आणि प्रत्येक सेल वेगळा तपासणारा हवा. एका सेलचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही. चार्ज होत असताना घरात कुणीतरी जागं असलं पाहिजे. बाहेर जाताना आणि झोपताना चार्जर बंद. आठवडाभर उडवायचं नसेल, तर ती पूर्ण भरून ठेवायची नाही, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची, म्हणजे टिकतेही जास्त. पडलेल्या मॉडेलची बॅटरी लगेच घरात आणायची नाही, काही वेळ बाहेर मोकळ्यावर ठेवून बघायची. आणि फुगलेली बॅटरी म्हणजे मेलेली बॅटरी. ती दाबून बघायची नाही, वापरायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

थोरला आता म्हणतो, “अम्मी चार्जरपेक्षा कडक आहे.” असू दे.

रविवारचा माळ

आता उडवणं फक्त गावाबाहेरच्या माळावर. रविवारी फजरची नमाज झाली की बापलेक स्कूटरवर निघतात. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि माळावर गुरं आलेली नसतात. छोटी मागे बसते. होय, छोटीसुद्धा.

गच्चीवरच्या त्या दुपारनंतर महिनाभर ती त्या खोक्याजवळ गेली नाही. मग एक दिवस अब्बांनी तो कागद लिहिला आणि तिच्या हातात दिला. म्हणाले, “ही यादी तू वाचायचीस. तू ‘हो’ म्हटल्याशिवाय भाईजान उडवणार नाही.” तेव्हापासून ती माळावर उभी राहून अकरा ओळी मोठ्याने वाचते. आधी रिमोट चालू, मग बॅटरी जोडणं. बंद करताना आधी बॅटरी काढणं, मग रिमोट. स्क्रू बघितले? पात्यांना तडा नाही? मोटर बंद ठेवणारं बटण दाबलेलं आहे? गोळे लावलेल्या आडव्या काठ्या खाली बांधल्या? या काठ्या शिकताना मॉडेल कलंडू देत नाहीत. माणसं किती लांब? सगळ्याला भाईजान “हो” म्हणतो, मग ती पंधरा पावलं मागे अब्बांजवळ जाते. मला सांगतात, एकदा तिने ‘नाही’ म्हटलं होतं. एक माणूस सायकलवरून येत होता. तो निघून जाईपर्यंत थांबले सगळे.

कायद्याचंही आम्ही पाहून घेतलं. २५ ऑगस्ट २०२१ पासून देशात ड्रोन नियम लागू आहेत. त्यात वजनाप्रमाणे वर्ग आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंत मायक्रो. आमचं मॉडेल बॅटरीसह किलोच्या आत भरतं. ‘डिजिटल स्काय’वरच्या नकाशात लाल, पिवळे आणि हिरवे भाग दाखवलेले आहेत. लाल आणि पिवळ्या भागात परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळ, लष्कराची ठाणी यांच्या आसपास विषयच काढू नये. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवर उडणाऱ्या वस्तूंवर बंदीचे आदेश काढतात. नियम बदलत असतात, म्हणून उडवण्याआधी त्या वेळचे नियम पाहावेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यात एकदा तोंडी विचारून ठेवावं. आमच्या मुलांनी उगाच कुणाच्या संशयाला जागा का द्यावी? अब्बांनी स्वतः जाऊन विचारलं. तिथल्या हवालदारांनी शेवटी हेच विचारलं, “उडवताना बोलवाल का?”

तुमच्या घरातलं वेड

१८७८ मध्ये अमेरिकेत मिल्टन राइट नावाच्या एका बापाने घरी येताना एक खेळणं आणलं होतं. बूच, बांबू आणि कागद यांचं, रबराच्या पिळावर उडणारं छोटं हेलिकॉप्टर. त्यांची दोन मुलं, एक अकरा वर्षांचा आणि एक सात वर्षांचा, ते मोडेपर्यंत खेळली. मोडल्यावर त्यांनी तसंच दुसरं स्वतः बनवलं. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांची ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्यावरून आपला मुलगाही विमान शोधून काढेल, असं मी म्हणत नाही. आमचा थोरला बहुधा अब्बांचं दुकान सांभाळील, नाहीतर कुठे कारखान्यात लागेल. मला त्या गोष्टीतलं एकच आवडतं. मोडलेलं खेळणं त्या घरात कुणी भंगारात टाकलं नाही.

मी मात्र टाकायला निघाले होते. तेव्हा माझं चुकलं, असंही मला वाटत नाही. बादलीला पडलेलं भोक मी पाहिलं होतं. ती बादली अजून आहे, आम्ही तिच्यात कोथिंबीर लावलीय.

म्हणून तुमच्या मुलाने उद्या असं काही घरात आणलं, तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. आधी त्याच्याबरोबर तासभर बसा. यातली सगळ्यात वाईट गोष्ट काय होऊ शकते, हे त्यालाच विचारा. सांगता आलं नाही, तर त्याला अजून काही येत नाही, असं समजा. सांगता आलं, तर मग विचारा, ती होऊ नये म्हणून तू काय करणार आहेस. त्याचं उत्तर कागदावर लिहून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून लावा. त्या वेळी घरात जे सगळ्यात लहान असेल, त्याला ते वाचायला सांगा.

परवा रविवारी मीही माळावर गेले होते. हेलिकॉप्टर माणसाच्या उंचीएवढं उचललं, नाक आमच्याकडे करून एका जागी उभं राहिलं, मग हळूच खाली आलं. सगळं मिळून चार मिनिटं. मी पुढे जाऊ लागले, तर छोटीने माझा पदर धरला.

“अम्मी, थांब. अजून फिरतायत.”